न उतरणारे उतारू

ही आख्यायिका प्रस्तुत लेखकाने पहिल्यांदा ऐकली ती खंडेनवमीच्या दुपारी, पैनगंगेच्या काठी, कवठघाट या गावी. सांगणाऱ्या वारजाबाई दगडू भोई. त्यांचे सासरे, नवरा आणि आता मुलगा असे सगळे या घाटावर नाव चालवत आले आहेत. त्या दिवशी गावात घरोघरी विळे, कोयते आणि नांगराचे फाळ धुऊन पूजेला मांडले होते. वारजाबाई उंबऱ्याशी बसून एक जुने वल्हे तेलाने पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्यांनी हे सांगितले. पुढे पलीकडच्या बोरखडी गावातही हीच गोष्ट थोड्या फरकाने ऐकायला मिळाली. येथे दिले आहे ते मुख्यतः वारजाबाईंचे सांगणे. जिथे दोन काठांचे एकमत नाही, तिथे तसे नोंदवले आहे. हे घडले कधी, ते साल कोणत्याच काठाला ठाऊक नाही. फार वर्षांपूर्वी, एवढेच दोन्हीकडचे लोक म्हणतात.

तर फार वर्षांपूर्वी पैनगंगेवर पूल नव्हता. पावसाळ्यात नदी भरली की अलीकडचे अलीकडे राहत आणि पलीकडचे पलीकडे. मधे असे ते फक्त पाणी आणि पुंजा भोयाचा डोंगा. डोंगा सागाच्या फळ्यांचा, रुंद बुडाचा, बैलजोडीसुद्धा बुजल्यावाचून उभी राहील एवढा ऐसपैस होता. पुंजा अंगाने सुका आणि बोलायला कमी होता. त्याचा एकच हट्ट होता, आणि तो हट्ट दोन्ही काठांना पाठ होता.

आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. सगळेच म्हणतात, आणि म्हटले हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पुंजाच्या ध्यानात मात्र ते राही. डोंग्यात पाय ठेवणाऱ्याने काठाकडे तोंड करायचे आणि ‘येतो’ म्हणायचे, बाई असेल तर ‘येते’ म्हणायचे. त्याशिवाय तो दोर सोडत नसे. एकदा सगुणाबाई नावाची म्हातारी सुनेशी भांडून माहेरी बोरखडीला निघाली आणि डोंग्यात बसून गरजली, “जाते मी! या घराचं पानी पुन्हा तोंडी लावनार नाही.”

“डोंगा हालत नाही, काकू,” पुंजा म्हणाला. “शब्द चुकला.”

“शब्दाले आग लाव तुह्या! हाक डोंगा.”

पुंजा वल्हे मांडीवर ठेवून बसून राहिला. ऊन चढले, बाकीचे उतारू कुरकुरू लागले, आणि शेवटी म्हातारीने नाकातल्या नाकात ‘येते’ म्हटले. त्यावर काठावर उभी असलेली सून कळवळून ओरडली, “पुंजाभाऊ, असं काहून केलं जी! इतक्या वर्षांत एकडाव मनासारखं बोलली होती थे!”

लोक हसत, पण त्या हट्टाची दुसरी बाजू त्यांना माहीत होती. जो ‘येतो’ म्हणून गेला, त्याला परत आणणे हे पुंजाने स्वतःवर घेतलेले होते. पलीकडच्या काठावरून ‘येतोऽऽ’ अशी हाक आली की तो हातातला घास ताटात ठेवून उठे. भर पुरात, वादळात, अंगात ताप असताना तो गेलेला आहे. त्याच्या हयातीत या घाटावर कुणी बुडाले नाही. नदीला तो शब्द ऐकू जातो आणि ज्याने तो दिला त्याला ती ठेवून घेत नाही, असे म्हणतात.

नावाडी स्वतः मात्र तो शब्द कधी म्हणत नसे. त्याची गरजच काय? डोंगा जातो तो परत येण्यासाठीच. पुंजाचा बाप म्हणाला नव्हता, पुंजा म्हणाला नव्हता, आणि पुंजाचा एकुलता एक लेक सटवा, जो ऐन विशीत बापाच्या बरोबरीने वल्हे मारू लागला होता, त्यालाही ते कुणी शिकवले नाही.

त्या वर्षी भादव्यात पलीकडे लुटारूंची एक टोळी उतरली. घोडी, भाले आणि मशाली घेऊन ती गावामागून गाव जाळत आली होती. बोरखडीच्या पलीकडच्या आमराईत तिने तळ दिला. बोरखडीच्या लोकांनी भिऊन त्यांना धान्य दिले, घोड्यांना गवत दिले. नाही म्हणायची सोय नव्हती. नदी भरलेली होती म्हणून कवठघाट वाचला होता. पाणी ओसरले आणि नदी चालत ओलांडायचा उतार मोकळा झाला की टोळी अलीकडे येणार, हे लहान मुलालाही कळत होते.

एका सकाळी वरच्या अंगाला धूर दिसला, आणि दुपारी नदीतून एक पाळणा वाहत आला. पुंजाने तो वल्ह्याने ओढून घेतला. पाळण्याची एक बाजू जळून काळी झाली होती. आत काही नव्हते. वर टांगलेले लाकडी राघू तेवढे शाबूत होते. पुंजाने तो झोपडीच्या आढ्याला टांगला, कारण फेकून देववेना. येसाई, त्याची बायको, पाळण्याकडे पाठ करून स्वयंपाक करी. पाळणा वारा नसताना हले. दुपारची सावली पायाखाली आली की तो हलू लागे आणि सावली लांबली की थांबे, असे म्हणतात.

चावडीवर गाव जमले. रायभान पाटील उभा राहिला. तो तापट होता, पण भित्रा नव्हता आणि खोटाही नव्हता. “नदी उतरली की थे येतीन,” तो म्हणाला. “त्याच्याआधी आपून जायचं. पहाटे झोपेत गाठायचं.”

महानुभाव मठातले उद्धवबाबा खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, “रायभान, मारणे कुणीही केले तरी ते मारणेच. पायाखाली मुंगी आली तर आम्ही उपास धरतो. माणसावर शस्त्र चालवायला मी हो कसा म्हणू?”

“बाबा, तुमी मठाची कडी लावून बसान. माह्या पोरीले मी कोन्या कडीमागं लपवू?”

बाबांच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. ते एवढेच म्हणाले, की ज्या डोंग्यात शस्त्र चढेल त्यात मी पाय ठेवणार नाही.

मग सगळ्यांच्या नजरा पुंजाकडे वळल्या, कारण डोंग्याशिवाय कुणालाच पलीकडे जाता येणार नव्हते. पुंजाला बाबांचे खरे वाटत होते आणि पाटलाचेही खरे वाटत होते. दोन खऱ्या गोष्टी एकाच डोक्यात मावत नाहीत, तेव्हा माणसाचा जीव कसा गुदमरतो, ते त्याला त्या दिवशी कळले. त्याच्या घरात आढ्याला पाळणा टांगलेला होता. माणसे नेली तर त्यातली काही ‘येतो’ म्हणून येणार नाहीत. नेली नाहीत तर ज्यांनी कधी कुठे जायचेच नव्हते, ते सगळे जातील. शेवटी तो म्हणाला, “नेतो. पन जो येतो म्हनन, त्यालेच नेतो.”

पहाटे धुके होते. भाले, कुऱ्हाडी, गोफणी घेतलेले लोक एकेक करून डोंग्यात चढले, आणि प्रत्येकाने काठाकडे तोंड करून तो शब्द म्हटला. गोविंदा तेल्याचा आवाज फाटका होता. त्याचे ‘येतो’ कापड फाटल्यासारखे निघाले आणि त्या वेळीही कुणीतरी हसले. पुंजा आणि सटवा वल्ह्यांवर होते. फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत डोंगा पलीकडच्या वाळूला टेकला आणि उतारू उतरले. मग सटव्याने वल्हे खाली ठेवले, बुडाशी लपवलेला भाला काढला आणि उडी मारली.

“बा, डोंगा सांभाळ!” तो म्हणाला आणि पळत सुटला.

पुंजा क्षणभर नुसता पाहत राहिला. मग त्याच्या ध्यानात आले. सटवा काठाकडे तोंड करून उभा राहिला नव्हता. तो नावाडी होता. त्याला कुणी म्हणायला लावले नव्हते. “सटवाऽऽ!” पुंजा धुक्यात ओरडला. “शब्द म्हन रे! येतो म्हन!” तेवढ्यात आमराईत घोडी खिंकाळली, आरोळी उठली, आणि बापाची हाक त्या आवाजात बुडाली.

ऊन तापायच्या आत सगळे संपले. टोळी मोडली, पुष्कळ लुटारू पडले, उरलेले रानोमाळ पळाले. कवठघाटचे लोक रक्ताने माखलेले, हसत आणि रडत परत आले. जे पडले त्यांना पलीकडेच अग्नी दिला. गोविंदा तेली त्यात होता, आणखीही होते. सटवा मात्र पडलेल्यांत सापडला नाही आणि परत आलेल्यांतही नव्हता.

गावात ढोल वाजले. पाटील चावडीवर उभा राहून म्हणाला, “आपून बरोबर केलं!” आणि गाव म्हणाले, बरोबर केलं. पुंजा डोंग्यापाशी बसून होता. गाव वाचले होते. पोरीबाळी पाणी भरायला निर्धास्त येत होत्या. आपण माणसे नेली नसती तर हे दिसले नसते, हे त्याला कळत होते. तरी ‘बरोबर केलं’ हे दोन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात.

पितृपंधरवडा लागला. एका टळटळीत दुपारी, घरोघर पानावर घास ठेवून लोक कावळ्याची वाट पाहत असताना, पलीकडून हाक आली.

“येतोऽऽ.”

पुंजाने मान वर केली. पलीकडचा काठ उन्हात पांढरा पडला होता आणि त्यावर कुणी नव्हते. पण आवाज फाटका होता, आणि तसा आवाज दोन्ही काठांवर एकाच माणसाचा होता.

तरी पुंजा उठला. ज्याने शब्द दिला त्याला आणायचे, त्यात जिवंत की मेलेला असे काही ठरलेले नव्हते. त्याने रिकामा डोंगा पलीकडे नेला आणि वाळूला लावला. थोड्या वेळाने डोंगा एका बाजूला कलला, माणूस पाय ठेवतो तेव्हा कलतो तसा, आणि पुन्हा सरळ झाला. पुंजाने मागे पाहिले नाही. अलीकडे आल्यावर डोंगा पुन्हा कलला आणि हलका झाला. वाळूवर पाऊल उमटले नाही. पण तेलीआळीत डोळ्यांवर झापड बांधून बसलेला घाण्याचा बैल, कुणी हाकलले नसताना उठला आणि फिरू लागला. घाण्यात तीळ नव्हते. तरी घाणा करकरत राहिला, आणि गोविंदाची बायको दाराआड उभी राहून तोंडात पदर धरून ऐकत राहिली.

त्यानंतर रोज दुपारी हाक येई आणि रोज पुंजा जाई. जे जे ‘येतो’ म्हणून गेले होते, ते ते त्याने आणले. एकाच्या घरची विझलेली चूल धुमसली, एकाचा कुत्रा मोकळ्या वाटेकडे पाहून शेपूट हलवू लागला. घाबरला कुणीच नाही, असे म्हणतात. आपली माणसे आपल्या घरी आली होती. संध्याकाळी येसाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाही.

“आपला?”

पुंजा मान हलवी. “त्यानं म्हटलं नाही, सटव्याची माय. हाक कशी देईन?”

“आपून त्याले शिकवलंच नाही,” येसाई म्हणे, आणि चुलीकडे वळे.

सर्वपित्री अमावास्या आली. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही, अशा सगळ्यांचा तो दिवस. त्या दुपारी पलीकडून हाक आली ती एकाची नव्हती. आवाज अनोळखी होते, बोली दूरदूरच्या होत्या, पण शब्द तोच होता. पुंजा काय समजायचे ते समजला. हे आमराईत पडलेले लुटारू होते. तेही कुठल्यातरी उंबऱ्यावर, कुठल्यातरी बाईकडे तोंड करून ‘येतो’ म्हणाले असणार.

त्याला वाटले, जाऊ नये. यांनी तो पाळणा जाळला. यांच्यातल्याच कुणीतरी माझ्या सटव्याला मारले असेल. तो वल्हे हातात धरून उभा राहिला आणि हाका येतच राहिल्या. शेवटी तो गेला. का गेला, हे त्यालाही सांगता आले नाही. बोरखडीचे लोक म्हणतात, तो लेकाचा आवाज त्यात आहे का ते ऐकायला गेला. वारजाबाई म्हणतात, तो नावाडी होता म्हणून गेला.

डोंगा वाळूला टेकताच कलू लागला. तो कलत राहिला, सरळ होत राहिला आणि पाण्यात खाली खाली बसत गेला. परतताना वल्हे जड झाले. कवठघाटाशी येऊन पुंजा म्हणाला, “उतरा बाप्पा. काठ आला.”

डोंगा हलला नाही. कुणी उतरले नाही. हा त्यांचा काठ नव्हता.

तेव्हापासून डोंगा घाटावर बांधलेला, रिकामा, आणि कडेपर्यंत पाण्यात रुतलेला असा राहू लागला. आत थेंब पाणी नव्हते. बाया घागरी घेऊन यायच्या, त्याकडे पाहायच्या आणि दुसऱ्या वाटेने जायच्या. गुरे त्या बाजूचे पाणी पीत नसत. दुपारी पलीकडचे झाड पाण्यात दिसे, अलीकडचा काठ दिसे, पण डोंग्याची सावली मात्र माणसांनी भरल्यासारखी गजबजलेली दिसे, असे म्हणतात.

दसरा आला. दसरा म्हणजे सीमोल्लंघन, आपली शीव ओलांडून जाण्याचा दिवस. रायभान पाटलाच्या मनात आता दुसरी गोष्ट घर करून बसली होती. बोरखडीने टोळीला दाणापाणी दिले, तेव्हा बोरखडी जाळल्याशिवाय काम पुरे होत नाही, असे तो म्हणू लागला. गावात कुरबुर झाली. बोरखडीत अर्ध्या गावाच्या लेकी दिलेल्या होत्या. पण जिंकलेल्या पाटलाला नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. दुपारी पाटील माणसे घेऊन घाटावर आला.

“पुंजा, डोंगा सोड. तुहा सटवा तिकडं पडला. त्याचं उट्टं काढाले चाललो आपून.”

पुंजाने तलवारींकडे पाहिले. रात्रंदिवस तो मनात हेच म्हणत आला होता. बोरखडीच्याच कुणीतरी पोराला लपवून मारले असेल, असे चित्र त्याने डोळ्यांपुढे किती वेळा उभे केले होते. त्याने वल्हे उचलले. “बसा,” तो म्हणाला.

पाटील पुढे नाळीवर, डोंग्याच्या टोकाशी, बसला. मागून चार माणसे चढली असतील नसतील, तोच डोंग्याची कड पाण्याला लागली.

“फुटला का रे डोंगा?” पाटलाने विचारले.

“कोरडा हाये, पाटील. भरला हाये.”

“कोनानं?”

“आपून ज्यायले मारलं, त्याहीनं. बसून आहेत. उतरत नाहीत.”

माणसांनी पाय आखडून घेतले. पाटील मात्र उसळून म्हणाला, “वैरी होते थे! लेकरं जाळत होते! आपून बरोबर केलं!”

हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला आणि डोंगा आणखी खाली गेला. पाणी कडेवरून आत आले.

काठावर उद्धवबाबा उभे होते. त्यांनी हात जोडून म्हटले, “मी तेच म्हणत होतो, रायभान. चूक झाली आपली.”

हे शब्द निघाले मात्र, गावात इतके दिवस न थांबता करकरणारा तेल्याचा घाणा थांबला. एवढी शांतता पसरली की सगळ्यांनी गावाकडे वळून पाहिले. गोविंदाची बायको आळीतून धावत आली आणि ओरडली, “कोन काय बोललं? माहा धनी उगाच गेला, असं कोन म्हनलं?”

पुंजा गुडघाभर पाण्यात, डोंग्याच्या कडेला धरून उभा होता. त्याला सटव्याची पाठ दिसत होती, धुक्यात पळत जाणारी. तो हळू म्हणाला, “करावं लागलं.”

डोंगा बोटभर वर आला. आळीत घाणा पुन्हा करकरला.

“करावं लागलं,” पुंजा पुन्हा म्हणाला, जणू शब्द चाचपून पाहत होता. “बरोबर म्हनलं तर हे जड होतात, बाबा. चूक म्हनलं तर आपले घरी आलेले उठून जातात. दोन्ही म्हनू नका.”

पाटलाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. “मंग आजचंबी तसंच समज. आजचंबी करावंच लागून राहिलं.”

डोंगा दगडासारखा खाली गेला. माणसे छातीभर पाण्यात सापडली आणि तलवारी वर धरून धडपडत काठाला लागली. पाटलाचे पागोटे उलगडत नदीच्या धारेला लागले. तो काठावर येऊन उभा राहिला.

“सटव्यासाठी तरी, पुंजा!” तो जवळजवळ रडत म्हणाला.

“सटव्यासाठी चला, हे मी रोज मनात म्हनतो, पाटील. डोंग्यात सगळ्यांत जड मीच आहो.” पुंजाने मान वळवून बोरखडीकडे पाहिले. “थे पहा. आपल्याकडं कोन चालून येऊन राहिलं?”

पलीकडच्या काठावर एक बाई एकटी उभी होती. ती बोरखडीची ठकाई. टोळीने तिच्या धाकट्या लेकाला घोडी सांभाळायला ओढून नेले होते, आणि त्या पहाटे अंधारात कुणाच्या तरी कुऱ्हाडीने तो घोड्यांमध्येच पडला होता. ती काही मागत नव्हती, शिव्याही देत नव्हती. ती फक्त विचारत होती, “पुंजाभाऊ, माहा तुह्या डोंग्यात हाये का? येतो म्हनून गेला होता जी!”

पुंजाने दोर ओढला. डोंगा वर आला. तो एकटाच त्यात चढला आणि पलीकडे गेला. बोरखडीच्या वाळूला डोंगा टेकला, कलला, आणि थोडा हलका झाला. ठकाईने कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवावा तसा हवेत हात फिरवला, आणि ती मागे न पाहता घराकडे चालू लागली, मागे कुणी येत आहे अशा बेताने.

बाकीच्यांचे काठ खाली होते, दूर, जिथवर नदी जाते तिथवर. पुंजा परत अलीकडे आला आणि त्याने येसाईला बोलावले. पाटील तलवार नदीत टाकायला निघाला होता. पुंजाने त्याला थांबवले. “टाकू नका, पाटील. उद्या कोनी आलंच, तर लागन. पन धुवून आनताना ढोल वाजवू नका.” उद्धवबाबांनी डोंग्याच्या नाळीला हात लावला आणि तो हात कपाळाशी नेला.

मग पुंजाने जे केले ते त्याच्या घराण्यात कुणी केले नव्हते. तो डोंग्यात उभा राहिला, त्याने काठाकडे तोंड केले आणि तो मोठ्याने म्हणाला, “येतो.” मग तो पुन्हा म्हणाला, “येतो. हा सटव्याच्या नावाचा. त्याचा राहिला होता.”

येसाई पाण्यात उतरली. “दुसऱ्यानं म्हटलेला चालते का?” तिने विचारले.

“नदीले माहीत,” पुंजा म्हणाला, आणि त्याने दोर सोडला.

तो धारेला लागून दिसेनासा झाला. खालच्या घाटांवर त्या वर्षी बाया दुपारच्या वेळी अंगणात ताट वाढून ठेवत होत्या, आणि विचारले तर कुणासाठी ते सांगत नव्हत्या, असे म्हणतात. पुढल्या वर्षी, पाणी ओसरता ओसरता, डोंगा परत आला. तो धारेच्या उलट, वर वर, कुणी वल्हे मारत नसताना आला आणि आपल्या जागी लागला. त्यात पुंजा नव्हता. डोंगा इतका हलका होता की पोरींनी बोटाने ढकलला तरी सरके. येसाई घरी गेली तेव्हा आढ्याचा पाळणा स्थिर होता. त्यानंतर तो कधी आपणहून हलला नाही.

आज तिथे पूल आहे. तरी कवठघाटचे सीमोल्लंघन आजही नावेतून होते, आणि ते नदीच्या मध्यावर थांबते. अलीकडून एक नाव निघते, पलीकडून बोरखडीची निघते. मध्यावर आल्यावर नाळीला नाळ लागते, लोक एकमेकांच्या हातांत आपट्याची पाने देतात आणि आपापल्या काठाला परततात. कवठघाटच्या नावेत नाळीवरची फळी मोकळी ठेवतात. पलटणीतला जवान रजा संपवून निघाला की एसटी पुलावरून जाणार असली तरी तो आधी घाटावर येतो, काठाकडे तोंड करून ‘येतो’ म्हणतो आणि मग गाडी पकडतो. जुन्या लढायांचा विषय निघाला तर म्हातारी माणसे बरोबर-चूक म्हणत नाहीत. ‘करावं लागलं’ म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. दसऱ्याला नाव वळवण्याआधी नावाडी दोनदा ‘येतो’ म्हणतो. पहिला पुंजाचा. दुसरा म्हटल्यावर तो वल्हे पाण्याबाहेर धरून थोडा वेळ थांबतो, आणि दोन्ही नावांतले लोक पलीकडच्या आमराईकडे कान लावतात.

सटव्याचे काय झाले, हा भाग मात्र अनेक प्रयत्न करूनही पडताळता आला नाही. पुंजाला एकच मूल होते, यावर दोन्ही काठांचे एकमत आहे. आणि घाटावरचे आजचे भोई पुंजाच्याच घरातले, हेही दोघे मान्य करतात. बोरखडीत सांगतात, की ठकाईने आपला थोरला मुलगा येसाईच्या ओटीत घातला आणि वंश त्याच्यापासून चालला. कवठघाटात हे कुणी खोडून काढत नाही, आणि मानतही नाही. वारजाबाईंना सरळ विचारले, की सटवा परत आला होता का? त्यांनी वल्हे उलटे केले, दुसऱ्या बाजूने पुसायला घेतले आणि म्हणाल्या, “आमी आहो नं इथं? मंग कोनी ना कोनी आलाच असंन.”